रेडूले जवाब देणारी बाई

त्या दिवशी ओसरीवर कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मी मनचं सांगून राह्यली असं कोणी म्हणणार नाही. माझी मोठी जाऊ होती, तिले मी बाई म्हणो. बाईचा लेक सुभाष अन् सून रेखा पुण्याहून आले होते. मेहकरहून वायफायची तार ओढायले आलेला माणूस खांबावरून उतरून चहा पिऊन राह्यला होता. शेजारची नर्मदा होती, तिच्या मांडीवर गव्हाचं सूप. अन् मी. एवढेच. सुभाष-रेखा पुण्याले असतात, नर्मदा आता लेकीकडे राह्यते, तारवाला कुठचा कोण. सांगायले मीच उरली.

सुभाषनं खोक्यातून काळा रेडू काढला, विटेएवढा. तार भिंतीत खोसली, कान पिळला. आतून एक माणूस चोख मराठीत बोलला, "नमस्कार श्रोतेहो, कसे आहात?"

बाईनं लगबगीनं पदर सावरला. "बरे आहोत बाप्पा. तुमचं कसं?"

तारवाल्याच्या नाकातून चहा आला. रेखा हसून हसून खांबाले टेकली. बाईले काही समजलं नाही हे काऊन हसतात. म्हणे, "अव, एवढ्या लांबून विचारून राह्यला तो. गप बसू का?"

बाईचं असंच होतं. कोणी बोललं अन् तिनं जवाब दिला नाही असं कधी झालं नाही. एसटीतला कंडक्टर "पुढं सरका" म्हणे तं बाई म्हणे, "सरकते बाबा, तू बी जरा बसत जाय." इलेक्शनची भोंग्याची गाडी गावातून जाय, "माता-भगिनींनो, आशीर्वाद द्या," तं ही रस्त्याच्या कडेले उभी राहून हात वर करे, "देल्ला, देल्ला." मागून दुसऱ्या पार्टीची गाडी आली तं तिलेही देई. मी म्हणो, "बाई, दोघाले कसा देता?" म्हणे, "मी देल्ला म्हणून काय कोणी निवडून येते का? बोलत्या माणसाले असं वाटू नये की आपण भिंतीसोबत बोललो."

हे हसायसारखं वाटते. पण माझे सगळ्यात वाईट दिवस तिच्या या सवयीनंच निघाले. विहिरीचं काम चालू असताना दरड अंगावर येऊन माझा मालक गेला. लेकरू नव्हतं. माहेरी माय नव्हती. मले रडू आलं नाही, वाचाच बसली. लोक येत, बोलत, मी नुसती पाहत राहो. सासू म्हणे हिच्या डोक्यावर परिणाम झाला, माहेरी धाडा. बाईनं मले मेथीच्या वाफ्यात समोर बसवलं अन् दोघींचं एकटीच बोलू लागली. "धाकले, भूक लागली का व?" मग आवाज जरा बारीक करे, "हाव बाई, लागली." पुन्हा आपल्या आवाजात, "मग सोड भाकर." पुन्हा बारीक, "सोडते." सासूसमोरही तसंच. सासू म्हणे, "ती मुकी अन् तू येडी." बाई म्हणे, "मुकी कुठं? आताच तं बोलली."

सगळा हिवाळा असा गेला. एक दिवस माझ्या वाटचं बोलता बोलता तिनं म्हटलं, "हाव बाई, यंदा सांबार लई कडू झाला." सांबार म्हणजे पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात तो. माझ्या तोंडून निघालं, "सांबार कडू नसते. मेथी कडू असते." बाईनं वर पाह्यलं नाही. जुडी बांधता बांधता म्हणे, "तेच तं मी म्हणून राह्यली." मले माहेरी धाडायचं तिथंच राह्यलं.

पुढं बाईचाही मालक गेला, सासू गेली, सुभाष शिकून पुण्याले लागला. राह्यलो आम्ही दोघी अन् बोरच्या पाण्यावरचा मळा. दुपारून सांबार-मेथी काढायची, जुड्या बांधायच्या, वरून ओलं पोतं टाकायचं, बाजाराच्या दिवशी साखरखेर्ड्याले न्यायच्या. तवा आमचा जुना रेडू लिंबाच्या फांदीले टांगलेला असे. सेलवर चाले. ढग आले की खरखर करे, मग मी त्याची तार धरून उभी राहो अन् बाई खालून ओरडे, "हलू नको व धाकले, बातम्या चालू हायेत!" वाटेनं जाणारी कोणी बाई घडीभर टेके, हाताशी जुड्या बांधून देई. सांजच्याले रेडूतला माणूस म्हणे, आता आमची वेळ संपली. बाई म्हणे, "बरं, या मग." तवाच आम्ही उठो.

तो बंद पडला म्हणून सुभाषनं हा नवा आणला. नव्या रेडूचा फायदा मी नाकारत नाही. खरखर नाही, तार धरणं नाही, सेल नाही. पुण्याचं लागे, मुंबईचं लागे, म्हणाल तिथलं भजन लागे. पण तो वावरात येत नाही. त्याले वायफायची डबी लागते, अन् ती मधल्या खोलीत. लाईन गेली की मुका. लाईन असली अन् वानरानं तार तोडली तरी मुका. म्हणून जुड्या मधल्या खोलीत आल्या, बाई आत बसली, अन् नर्मदा यायची बंद झाली. लिंबाखाली कोणीही बसते, घरात घुसून कोण बसते? अन् सगळ्यात वाईट म्हणजे हा रेडू जा म्हणत नाही. एक माणूस थांबला की दुसरा चालू. बाई अवघडून जाय. मी म्हणो, "बाई, उठा आता, भाकरी टाकायच्या." म्हणे, "बोलता माणूस सोडून कशी उठू? श्वास घेऊ दे त्याले, मग उठते."

सुभाषनं तीन बटनं बसवून दिली होती. पहिल्यावर मराठी, दुसऱ्यावर भजन. तिसरं बाईच्या हातानं कसंतरी दाबल्या गेलं अन् त्यावर एक अनोळखी भाषा येऊन बसली. सकाळी, आपल्या इथल्या चहाच्या वख्ताले, आधी घंटी वाजे, मग एक बाई बोले. म्हातारी असावी. बोलायच्या आधी बारीक खोकले. थोडंसं बोले अन् थांबे. लई वेळ थांबे. मग पुन्हा थोडंसं. सुभाषनं फोनवर त्या देशाचं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं, माझ्या जिभेवर बसलं नाही. बाईनं मराठीचं बटन सोडूनच दिलं. "आपल्याकडचे धापा टाकत बोलतात," म्हणे. "ही पाह्य, मले बोलायले जागा ठेवते."

अन् त्या जागेत बाई बोले. कोणत्या वाफ्याले पाणी दिलं, भेदरं काऊन सडले (टमाट्याले आम्ही भेदरं म्हणतो), रेखाची कंबर कशी दुखते, सगळं. एक दिवस मी म्हटलं, "बाई, तिले ऐकू जात नाही." बाईनं मलेच अडाणी ठरवलं. "सुभाष याच डबीतून येते ना? मोबाईलात तो बोलते, आपण बोलतो, दोघाले ऐकू येते. डबी तीच, तार तीच. मग हिलेच काऊन नाही?" मी चौथी शिकलेली, बाई दुसरी. सुभाषले विचारलं तं तो हसला, "नाही काकू, रेडिओ एकीकडूनच असते." बाई फोनात म्हणे, "तुले काय माहीत बे? तू तं इथं राह्यत नाही."

तवापासून मले रेडूसमोर चढ्या आवाजात बोलायची बंदी झाली. कोणाच्या घरचं उणंदुणं काढायचं असलं तं बाई आधी रेडूवर फडकं टाके.

मी दाराशी बसून जुड्या बांधो. इतकी वर्षं बाई माझ्यासोबत बोलली होती. आता सकाळचं ताजं सगळं त्या बाईसोबत बोलून होई, मले दुपारी शिळं भेटे. वाईट वाटे. पण हे सांगावं कोणाले? सांगायचं माणूस एकच, अन् ते तिथं बसलेलं.

मग एका हिवाळ्यात बाईले लकवा मारला. बुलढाण्याच्या दवाखान्यातून घरी आणली तवा उजवी बाजू गेली होती अन् वाचाही. डॉक्टर म्हणे, समजते सगळं, बोलता येणार नाही. सुभाष म्हणे, पुण्याले चल. बाईनं डाव्या हातानं बाजेची दांडी धरली, ती त्यानं कितीही समजावलं तरी सोडली नाही. तो रडला अन् गेला. त्याले नोकरी होती.

दुसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गेली अन् रेडू लावला. वाटलं, मन रमेल. घंटी वाजली. ती बाई खोकलली, बोलली, थांबली. अन् आमच्या बाईच्या वाकड्या तोंडातून निघालं, "अं... अं..." डावा हात बाजेवर आपटू लागली. मी घाबरून रेडू बंद केला, तं जास्तच. डोळ्यातून पाणी. मी पुन्हा लावला. तिकडली बोले अन् थांबे. इकडं ही तडफडे, अन् ती थांबलेली जागा रिकामीच जाय. मग बाई माझ्याकडे पाहू लागली. ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. मेथीच्या वाफ्यात समोर बसून ती तशीच पाहे.

मी दार लोटलं. लाज वाटत होती. मग रेडूले म्हटलं, "हाव बाई, बऱ्या आहोत. आताच घरी आणलं आम्हाले." बाईसारखा आवाज जरा मोठा केला. तिकडली बोलली, थांबली. मी म्हटलं, "लकवा होता. होईल हळूहळू बरं. सांबाराचं धाकली पाहून घेते." बाईचा हात थांबला. मी बोलत गेली. एका ठिकाणी चुकली, म्हटलं, भेदरं यंदा चांगले हायेत. बाईनं जोरात मान हलवली. "नाही व माय, सडले," मी रेडूले म्हटलं. बाईच्या तोंडाच्या चांगल्या कोपऱ्यात हसू आलं.

मग रोजचंच झालं. लाईन नसली त्या दिवशी बाई भिंतीकडे तोंड करून राहे, चहाही घेत नसे. लाईन असली की मी तिच्या वाटचं बोलो अन् ती मानेनं माझ्या चुका काढे. जुड्या मी तिथंच बसून बांधो. खरं सांगू, इतक्या दिवसांनी सकाळचं ताजं मले भेटू लागलं होतं.

चैत्रात बाई गेली. घंटी वाजली तवा मी चुलीपाशी होती. "आली व, आली," म्हणत आत गेली. तिकडली बोलून थांबली होती, अन् इकडं कोणी तडफडत नव्हतं.

तेरवी झाल्यावर सुभाष म्हणे, "काकू, वायफाय बंद करतो, रिकामंच चालू राह्यते. तुम्ही ऐकता का काही?" मी म्हटलं, "नाही बाप्पा, माझं काय काम त्याच्यात." त्यानं डबी काढून नेली, रेडू मले देल्ला, आईची आठवण म्हणून. चांगला पोरगा आहे, फोन करते, जेवल्या का विचारते. तो गेला अन् दुसऱ्या सकाळी चहाच्या वख्ताले मले समजलं माझं काय काम होतं ते.

रेडू आता माझ्यापाशी आहे. तार खोसली की त्याचा निळा दिवा लुकलुकते, काहीतरी शोधते, त्याले सापडत नाही. मी सकाळी त्याच्याजवळ बसते. बोलत नाही. कोणी बोललंच नाही तं जवाब कशाचा द्यावा?

मले माहीत आहे, तिकडं काही ऐकू जात नव्हतं. पण बाईले ते शेवटपर्यंत पटलं नाही, अन् निरोप बाईचा आहे, माझा नाही. म्हणून वाचणाऱ्याजवळ एवढंच मागते. आधी घंटी वाजते, मग बारीक खोकलून बोलते अन् बोलता बोलता लई वेळ थांबते, अशी एक म्हातारी तुमच्या रेडूवर लागत असली, अन् तिची भाषा तुम्हाले येत असली, तं तिले एक पत्र टाका. लिहा, हिवरा आश्रमाच्या अलीकडे एका खेड्यात एक बाई तुमच्यासोबत बोलत होती, ती चैत्रात गेली. रुसून गप झाली नाही.