राखणदाराची बाटली

हे मी कुणाला बोललेले नाही. बहिणीला नाही, सुनेला नाही. देवासमोर उभी राहते तेव्हा मनातल्या मनातही नाही — तिथं मी पोरांचं बोलते, मासळीचं बोलते, गुडघ्यांचं बोलते. हे तेवढं बोलत नाही. आता तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून सांगता येतंय की काय, कोण जाणे. चौथीपर्यंत शिकलेय, तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

कुठून सुरू करू? दारूपासूनच करते.

मी दारूचा थेंब कधी चाखला नाही. पण ऐंशी सालानंतरची काही वर्षं मी दारू विकली. गावठी नाही — अमेरिकेची. आमचं गाव रत्नागिरीजवळ खाडीच्या तोंडाला. माझा धाकटा दीर वसंत परदेशी बोटीवर खलाशी होता. बाकीचे खलाशी सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर आणायचे, सेंट आणायचे, नायलॉनच्या साड्या आणायचे. वसंताची बॅग उघडली की कपड्यांच्या घड्यांत एक-दोन बाटल्या निघायच्या. लेबलावर चाकाच्या बोटीचं चित्र. घरात आम्ही तिला चाकवाली म्हणायचो. बर्बन हे तिच्या जातीचं नाव, मक्यापासून करतात, हे वसंतानंच सांगितलेलं.

ही चाकवाली बनवणारी भट्टी बंद पडली होती. मालक मेला, पोरांनी जागा विकली, असं काहीतरी. म्हणजे जगात होत्या तेवढ्याच बाटल्या, नवी एक होणार नव्हती. बंदराला बोट लागली की वसंत जुनी दुकानं धुंडाळायचा आणि मागच्या फळीवर धूळ खात पडलेली चाकवाली शोधून आणायचा. मग आमच्या माळ्यावर, भाताच्या तुसात, पेटीत एकेक नीट निजवून ठेवायचा. बाळंतिणीनं पोर ठेवावं तशी.

"वैनी, ही पियाची दारू नव्हं," तो म्हणायचा. "ही इंजिन हाय."

मुंबईत अशा बाटल्या घेणारा एक शेट त्याच्या ओळखीचा होता. पेटी भरली की सगळी त्याला द्यायची आणि आमच्या होडीला इंजिन बसवायचं. होडी होती शिडाची. ती चालवायचा माझा नवरा, महादेव. इंजिन आलं की महादेव खोल पाण्यात जाणार, हाताखाली माणसं ठेवणार, तांडेल होणार. हे दोघा भावांचं ठरलेलं.

आता महादेवाचं सांगायला हवं. तो आधी प्यायचा. बेसुमार. दारूच्या भरात एकदा दुसऱ्याचं जाळं समुद्रात सोडून आला होता. मग एक दिवस राखणदारासमोर नारळ ठेवला आणि सोडली. राखणदार म्हणजे आमच्या गावाची वेस सांभाळणारा. मूर्ती नाही, देऊळ नाही — आंब्याखाली जांभ्याचा एक दगड. त्याला कोंबडा आणि दारू लागते. महादेव त्याला दारू द्यायचा, स्वतः घ्यायचा नाही. माळ्यावर अमेरिकेची पेटी आणि तिच्याखाली खाट टाकून हा झोपायचा, पण एकदा वर मान करून बघितलं नाही. तरीही वसंतानं पेटीची किल्ली माझ्याकडे दिली होती. म्हणाला, दादाच्या जिवाला उगाच ताप नको.

माझा महादेवावर विश्वास होता. पूर्ण होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी जे केलं ते संशयानं केलं असं कुणाला वाटायला नको.

मी सुकी मासळी विकायची. पालीच्या बाजाराला एस.टी.नं जायची — सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा. तिथं एक हॉटेलवाला माझ्याकडून सुकट घ्यायचा. एकदा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता की घाटावरून येणारे साहेब रत्नागिरीला जाताना थांबतात आणि फॉरेनची मागतात, कुठून आणून देऊ? मी पाटी उचलत होते. तोंडातून निघून गेलं — माझ्याकडे आहे.

घरात अडलं होतं म्हणून बोलले, असं लिहिता आलं असतं. अडलं नव्हतं. त्या वर्षी मासळी बरी होती. मग का? सांगते. त्यानं मला खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पाटीवालीला कुणी पायरीच्या वर बसवलं नव्हतं. "बस गो मावशी, चाय घे," म्हणाला आणि बशीसकट कप आणला. मी बसले.

पुढच्या बाजाराला बोंबलांच्या खाली चाकवाली होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पाटी टपावर टाक." मी म्हटलं, "वाटेत बोंबील तुझ्या डोक्यावर सांडले तर आठवडाभर बायको जवळ येऊ देईल का बघ." अख्खी गाडी हसली. पाटी माझ्या पायाशी राहिली. सुक्या मासळीत कुणी हात घालत नाही. पोलीससुद्धा नाही.

माझी अट एकच होती. साहेबांची पिऊन झाली की रिकामी बाटली मला परत पाहिजे. "खुळी काय तू?" हॉटेलवाला म्हणायचा. "फॉरेनच्या रिकामीला पण गिऱ्हाईक हाय." पण द्यायचा. मी ती घरी आणायची, कोरी चाय करायची, फडक्यातून दोनदा गाळायची, बाटलीत भरायची. बुचावरची फाटलेली कागदी पट्टी भाताच्या खळीनं चिकटवायची. रंग चांगला जमवला होता मी. नुसती चाय नासते, वर बुरशी धरते — म्हणून मीठ घातलं. भरपूर. मीठ घातलं की टिकतं, एवढं तर मला कळत होतं. माझा धंदाच तो.

एक गेली. मग दुसरी. मग मोजणं सोडलं. मनाशी म्हणायची, वसंताची पेटी काय भरतेय, इंजिन काय येतंय, हे खलाशी बोलतात तसं करतात थोडंच. आलेल्या पैशांची मी सोन्याची बोरमाळ केली. आईची आहे म्हणून सांगितलं. आईच्या गळ्यात काळ्या पोतीशिवाय काही नव्हतं, हे महादेवाला माहीत होतं. तो बोलला नाही. तेव्हाच बोलला असता तर? — नाही, हे त्याच्यावर ढकलणं झालं. ते करायचं नाही असं ठरवून मी लिहायला बसलेय.

मग वसंत आला आणि म्हणाला, पेटी भरली. परवा मुंबईला नेतो. नेण्याआधी एक राखणदाराला.

मी म्हटलं, "त्याला गावठी चालते. परदेशी कशाला वाया घालवतोस?"

"वैनी, राखणदारानं काय कधी अमेरिका बघायची नाय?"

पेटीत वरच्या दोन बाटल्या खऱ्या होत्या. मी मुद्दाम वर ठेवलेल्या. वसंतानं तुसात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातली काढली. पहिली आणलेली पहिली देवाला, म्हणाला.

सकाळची वेळ. आंब्याखाली निम्मं गाव. अमेरिकेची दारू बघायला म्हणूनच बरेच आलेले. गावकारानं गाऱ्हाणं घातलं — ह्या पोरांची होडी सुखरूप ठेव, इंजिनाला बरकत दे, वाईट नजर असेल ती दर्यात बुडव — आणि प्रत्येक बोलाला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मीही म्हणत होते. मग त्यानं बूच काढून दगडावर धार धरली. वास आला नाही. त्यानं बाटली नाकाशी नेली.

"वसंता, अमेरिकेत चाय पण बाटलीत भरतात काय रे?"

लोक हसले. वसंतही हसला. त्यानं बाटली हातात घेतली, तळहातावर थोडी ओतून चाटली आणि त्याचं हसू गेलं. "चायच हाय," म्हणाला. "खारी चाय."

मग सगळ्यांनी महादेवाकडे बघितलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. मागून एक जण बोललाच — "सोडलेली म्हणे!" दुसरा म्हणाला, "देवाचा वाटा पण सोडला नाय मेल्यानं."

"मी नाय," महादेव म्हणाला. तो रागावलाही नव्हता. त्याला वाटलं, आता निकाल लागेल. माझ्याकडे वळून म्हणाला, "तू सांग. किल्ली तुझ्याकडं असते."

इथं मला थांबावंसं वाटतं. पण इथपर्यंत आणलंय तुम्हाला.

मी म्हटलं, "किल्ली माझ्या कमरेला असते. झोपेत काढून घेतली तर मला काय कळतंय? आणि घरातलंच माणूस काढणार, बाहेरचं कोण येतंय?"

एवढंच. हेच ते. कुणी मला धरलं नव्हतं, कुणी माझं नावही घेतलं नव्हतं. सरळ उभी राहून, राखणदाराच्या दगडासमोर, मी हे बोलले.

महादेवानं हात पुढं केला आणि वसंताच्या हातातली बाटली घेतली. एक घोट घेतला. लगेच गिळला नाही, तोंडात धरून उभा राहिला. आणि माझ्या हातांकडे बघू लागला. सुक्या मासळीच्या बाईचे हात कसे असतात बघितलेत? मिठानं बोटांच्या पेरांना चिरा पडतात, त्या भरून येत नाहीत. त्यानं ते हात बघितले. मग माझ्या गळ्यातली बोरमाळ बघितली. मग घोट गिळला.

"व्हय," म्हणाला. "मीच पियालो."

का म्हणाला? इतकी वर्षं झाली, मला माहीत नाही. मायेनं म्हणाला असं लोक गोष्टीत सांगतात. मला तशी खात्री नाही. बायको असं बोलू शकते हे बघून त्याच्यात भांडायचं काही उरलंच नसेल. आणि मी काय केलं? मी कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्यानं त्याला शिव्या घातल्या. माझ्या जन्माचं वाटोळं केलंस, भावाचं घर बुडवलंस — सगळं. बायकांनी मला धरून बाजूला नेलं. एकीनं पाणी दिलं. मी प्यायले.

वसंतानं पेटी पुळणीवर नेली आणि एकेक बाटली उघडून वाळूत ओतली. चाय, चाय, चाय. खऱ्या दोन निघाल्या त्या परत नेऊन राखणदाराच्या दगडावर रित्या केल्या. त्याच दिवशी गेला. पुन्हा आमच्या घरात राहिला नाही.

इंजिन आलं नाही. पण ते सोडा. राखणदाराचा वाटा चोरणारा माणूस होडीवर घेतला तर होडी बुडते, असं आमच्याकडे मानतात. महादेवाच्या होडीवर वल्ही मारायला कुणी येईना. एकट्यानं चालण्यासारखी ती नव्हती. विकली. दुसऱ्याच्या होडीवर त्याला कुणी घेईना. समुद्रावर जन्म गेलेला माणूस पुढं मरेपर्यंत किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवत होता. पोरं जाता-येता "खारी चाय!" म्हणून ओरडायची. तो सुई वर करून त्यांना दाखवायचा, हसायचा. मी पाटी घेऊन त्याच्यासमोरून जायची.

त्यानं मला एकदाही विचारलं नाही. दारूला हात लावला नाही. आणि आणखी एक — त्या दिवसानंतर माझ्या हातच्या जेवणात मीठ कमी पडलं की जास्त, हे तो कधीही बोलला नाही. मुद्दाम जास्त घालून बघितलं मी. खाल्लं त्यानं. ताट धुऊन पालथं घातलं.

आजारी पडला तेव्हा मला वेळ होता. बरेच दिवस होता. त्याच्या उशाशी बसून मी सांगू शकत होते, निदान त्याला तरी. मी त्याचे पाय चेपले. पाय चेपणं सोपं असतं.

दहाव्याला वसंत मुंबईहून आला. पिंड ठेवलं, कावळे समोरच्या माडावर बसून होते, खाली येईनात. लोक म्हणू लागले, जीव कशात तरी अडकलाय. तेव्हा वसंतानं पिशवीतून एक बाटली काढली. चाकवाली नव्हे, ती आता कुठं मिळायची — दुसरी कुठली तरी परदेशी. पिंडाशेजारी करवंटीत ओतली आणि हात जोडले. "दादा, पी आता. माझा राग नाय. मी तुला माफ केलं." तो ढसाढसा रडला. अख्ख्या गावादेखत महादेवासमोर दारू ठेवली, आणि मी तिथं उभी होते, तोंड होतं मला, आवाज होता. कावळा शिवला. त्यात काही नाही, त्याला भूक लागली होती.

घरी परतताना वसंत माझ्याजवळ आला. "वैनी, दादापायी तू लय सोसलंस," म्हणाला. मी डोळ्यांना पदर लावला.

वसंत आहे अजून. थकलाय. दर गणपतीला माझ्यासाठी साडी पाठवतो, सोसलेल्या वहिनीला. मी ती नेसते. बोरमाळ डब्यात आहे.

महादेवानं सोडली त्या दिवसानंतर तो कधीच प्यायला नाही. बाटल्या मी विकल्या. चाय मी भरली. मीठ मी घातलं.