आत्याबाईंचं मत

जाहिरातवाल्याच्या घरात पुढची खोली धंद्याची आणि आतल्या दोन संसाराच्या, अशी वाटणी होती. पण ती आपली बोलण्यापुरती. छापून आलेल्या पत्रकांचे गठ्ठे पार स्वयंपाकाच्या ओट्याखाली जाऊन बसले होते. नवरा मजकूर लिहायचा. बायको तो कॉम्प्युटरवर मांडायची, चित्रं काढायची आणि रुसलेल्या गिऱ्हाइकांची समजूतही काढायची. गिऱ्हाइकं म्हणजे आसपासचे छोटे दुकानदार, आणि प्रत्येकाला मजकूर एकच हवा असायचा: नंबर वन. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन चष्मेवाले नंबर वन होते, आणि दोघांचीही पत्रकं याच खोलीतून गेली होती.

मधल्या खोलीत आत्याबाई राहायच्या. जाहिरातवाल्याच्या सख्ख्या आत्या. लग्न केलं नव्हतं. सगळी नोकरी बसच्या तिकीट खिडकीत गेली. जाळीपलीकडच्या माणसाला कमीत कमी शब्दांत वाटेला लावायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. कौतुक तर त्यांना जमायचंच नाही. भाच्यानं नवी नवरी आणून समोर उभी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "उंच आहे. माळ्यावरचं काढायला बरी." सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही, हे तिला पुढे बऱ्याच काळानं कळलं.

एकदा गादीवाल्यानं हट्ट धरला, की पत्रकावर समाधानी ग्राहकाचा फोटो हवाच. त्याचा एकही समाधानी ग्राहक फोटोला तयार होईना. शेवटी भाच्यानं दुकानातली गादी आणि उशी घरी आणली, आठवडाभर आत्याबाईंना त्यावर झोपवलं आणि मग त्यांना गादीवर बसवून फोटो काढला.

"खाली काय लिहिणार आहेस?" आत्याबाईंनी विचारलं.

"या गादीनं माझं आयुष्य बदललं."

"काही बदललेलं नाही. गादी बरी आहे. उशी टाकाऊ आहे."

"आत्या, जाहिरात आहे ती!"

"मग तुझा फोटो टाक."

छापखान्यातून सारखे फोन येत होते. सून वैतागली होती. तिनं आत्याबाईंचं वाक्य होतं तसं फोटोखाली टाकलं आणि पाठवून दिलं.

पत्रक वाटलं गेल्यावर गादीवाला तणतणत आला. "माझ्या पैशानं माझीच अब्रू काढता?" एवढं म्हणतो तोच त्याचा फोन वाजला. कुणाला तरी गादी हवी होती. फोन ठेवला, पुन्हा वाजला. तिसरा फोन घेताना गादीवाला खुर्चीत टेकला आणि हातानंच खूण करून त्यानं पाणी मागितलं. जाताना म्हणाला, "पुढच्या खेपेला उशीचं जरा हळू बोला म्हणावं."

झालं. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला आता आत्याबाई हव्या होत्या. नंबर वन कुणालाच नको. थोडी निंदा हवी. पण ती बेतानं. चष्मेवाला म्हणाला, "दुकान अरुंद आहे म्हणा, चालेल. काचांबद्दल नको." बेकरीवाला घरून दोषाची चिठ्ठीच लिहून घेऊन आला: पाव इतका फुगतो की पिशवीत मावत नाही.

सुरुवातीला आत्याबाई खरोखर दुकानोदुकानी जाऊन यायच्या. पण एवढ्या ठिकाणी त्यांचे गुडघे कुठवर चालणार? मग भाचाच त्यांच्या वतीनं नावं ठेवू लागला. आधी तो खोटं कौतुक लिहायचा, आता खोटी तक्रार लिहायला लागला. धंद्यात बढती झाली म्हणायची. आत्याबाईंना यातलं काही माहीत नव्हतं.

ते कळलं बसथांब्यावर. पाटीवर त्यांचाच फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "शिंपी फार मन लावून शिवतो. म्हणून थोडा वेळ लागतो." आत्याबाईंनी ते दोनदा वाचलं. त्या शिंप्याच्या दुकानाची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या.

घरी येऊन त्यांनी तमाशा केला नाही. कपाटातलं पडद्याचं कापड काढलं आणि थेट शिंप्याकडे नेऊन टाकलं. पडदे वेळेवर मिळाले नाहीत. मिळाले तेव्हा एक आखूड होता आणि दुसऱ्याची शिवण तिरकी. आत्याबाई दुकानाबाहेर आल्या, दोन्ही पडदे हातात उंच धरले आणि तिकीट खिडकीतला जुना आवाज लावला.

"ऐका! मी याची कधी शिफारस केलेली नाही. हे बघा पडदे. याच्याकडे काहीही शिवू नका!"

लोक थांबले. एकानं मोबाईल काढला. एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "अगं, त्याच गादीवाल्या! काय सुंदर कल्पना आहे ना जाहिरातीची?"

"जाहिरात नाहीये ही!" आत्याबाई ओरडल्या.

त्यावर तर टाळ्याच पडल्या. आत्याबाई पडदे गुंडाळून घरी गेल्या, आणि शिंप्याकडे कपडे शिवायला रांग लागली.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी मत देणं बंद केलं. जेवताना भाच्यानं मुद्दाम विचारलं, "आत्या, मीठ जास्त झालंय का गं?" खांदे उडवून त्या मुकाट्यानं जेवल्या. घर कसं सुनंसुनं झालं. ज्या टोमण्यांनी सून इतकी वर्षं जेरीस आली होती, त्यांच्यावाचून तिला आता चैन पडेना. शेवटी ती त्यांच्या खाटेवर जाऊन बसली.

"आत्याबाई, चुकलंच आमचं. रागवा तरी."

"रागावून काय करू?" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "खिडकीत माणसं माझ्याशी भांडायची गं. पण मी गाडी नाही म्हटलं, की ते खरं मानायची. परवा मी ओरडले, आणि लोक हसले."

सून उठली. तिनं बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, की आत्याबाईंचे सगळे फोटो उतरवायचे, धंदा बसला तरी चालेल. नवऱ्यानं हिशेब सांगायला तोंड उघडलं, बायकोचा चेहरा बघितला आणि मिटलं. फोटो उतरले. त्यावर दोन दुकानदारांनी विचारलं, की ही उत्सुकता वाढवायची युक्ती आहे का.

तिकडे शिंप्याचं कंबरडं मोडलं होतं. कपड्यांचे ढीग छताला लागले, कारागीर पळून गेला आणि जो तो हसत हसत वेळ लागणारच म्हणून बिनतक्रार परत जायचा. एवढी सहनशील गिऱ्हाइकं त्याला सोसेनात. एका दुपारी तो आत्याबाईंच्या दारात येऊन उभा राहिला.

"आत्याबाई, मला काय नीट झालंय, काय नाही, काही कळेनासं झालंय. कुणी तक्रारच करत नाही. तुम्ही येऊन जरा बघाल?"

"फोटो?"

"फोटो नाही, पाटी नाही. आत बसायचं. तुम्ही नाही म्हणाल तो कपडा बाहेर जाणार नाही."

आत्याबाईंनी चपला घातल्या.

आता त्या रोज जातात. इस्त्रीच्या टेबलाशेजारी त्यांची खुर्ची असते. एकेक कपडा उलटा करून खिडकीशी धरतात आणि दहातले सात परत करतात. काम खूपच सुधारलं आहे. गिऱ्हाईक मात्र बरंच कमी झालं आहे, कारण कपडा आता इतका उशिरा मिळतो, की माणसं तोवर जाड किंवा बारीक झालेली असतात. जाहिरातवाला पुन्हा नंबर वनवर आला आहे. स्वतःची एक विजार त्यानं त्याच शिंप्याकडे टाकली आहे, आणि आत्याबाई ती सोडत नाहीत.

परवा शिंपी सुई ओवता ओवता म्हणाला, "आत्याबाई, तुमच्यामुळे माझं दुकान बुडणार बघा."

"बुडेल तेव्हा बघू," आत्याबाई म्हणाल्या. "ही बाही उसवा आधी."