खोडावरचा पिवळा आकडा

आमच्या अमेरिकेतल्या ऑफिसातला एक जण सेनेका जमातीचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. एकदा कॉलवर माझ्या मागच्या खिडकीतलं झाड पाहून त्याने त्याचं मराठी नाव विचारलं. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. हळदीचं पेटंट झालं, कडुनिंबाचं झालं, आता आणखी काय न्यायचंय यांना? तो म्हणाला, त्यांच्या भाषेत झाडांची नावं सांगणारी म्हातारी माणसं मोजकीच उरलीत, त्यामुळे झाड दिसलं की नाव विचारायची सवयच लागलीय. झाडाची साल घ्यायची तर ते आधी त्याच्यापाशी तंबाखू ठेवतात आणि कशासाठी हवी ते त्याला सांगतात. माझा अर्धाच विश्वास बसला.

पण पुनावळ्यातल्या या सोसायटीत सहा वर्षं राहून मलाही ते नाव माहीत नव्हतं, याची लाज वाटली.

त्या झाडाकडे एकच बाई यायची, सोसायट्या व्हायच्या आधीपासूनच्या मूळ गावातली एक आजी. बुंध्याशी सुपारी ठेवून काहीतरी पुटपुटायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन सालीचा तुकडा न्यायची. सोसायटीत कुणी म्हणे करणी करते, कुणी म्हणे उद्या शेंदूर फासून जागा अडवेल. मलाही तसंच वाटायचं. तरी खाली जाऊन मी तिला नाव विचारलं.

"कशापायी?" तिने मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"सहजच, आजी."

"सहज कोन इचारत न्हाई. रस्ता व्हायच्या आधी बी एक जन वही घेऊन आला व्हता. आमी समदी नावं सांगितली. एक झाड ठेवलं न्हाई." मग ती वळली. "जंगली हाय. नाव न्हाई त्याला."

मला रागच आला. म्हातारी नक्की काहीतरी लपवत होती. मी झाडाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि नाव विचारलं. उन्हाळ्याचे दिवस, फांद्यांवर एक पान नव्हतं. नाव कुणीच सांगितलं नाही. "वाळलंय, गाड्यांवर पडेल," असं एकाने लिहिलं आणि त्याखाली होकाराच्या अंगठ्यांची रांग लागली. तिने साल काढली होती तिथे खोड ओलं होतं, ते मी पाहिलं होतं. म्हणजे झाड जिवंत होतं, तरी मी ते ग्रुपवर लिहिलं नाही.

पंधरा दिवसांत खोडावर पिवळा आकडा आला, तोडायच्या झाडांवर घालतात तसा. आजी त्याच्यासमोर उभी होती. मी अर्ज करून तोड थांबवतो म्हणालो, पण माझा मलाच भरवसा वाटेना. तिने हातातली सुपारी बुंध्याशी ठेवली.

"मोई नाव हाय त्याचं," ती म्हणाली. "आता घे लिहून."