उंबऱ्यावरची जागा

आमच्या जीपवाल्यांच्या क्लबात सगळ्यांत मागे असणाऱ्या गाडीला आम्ही शेपूट म्हणतो, आणि आमचं शेपूट होते सीटवाले. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं गाड्यांच्या सिटा शिवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर एक खोली आणि स्वयंपाकघर. रेक्झिनचे रोल भिंतीला टेकून उभे, फोमचे तुकडे पायांत येतात, आणि शिलाई मशीनचा आवाज इतका की गिऱ्हाईक भावही ओरडूनच विचारतं. क्लबाच्या बैठका तिथेच होतात, कारण बसायला जागा भरपूर. कुठल्या कुठल्या गाड्यांमधून उपसून काढलेल्या जुन्या सिटा जमिनीवर मांडलेल्या असतात. त्यातल्या एखादीची पाठ मोडलेली असली की बिचारा सभासद बैठक संपेपर्यंत छताशी बोलत राहतो.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून माझा स्वभाव तिखट झालाय, असं घरचे म्हणतात. असू दे. क्लबात पहिली गाडी माझी आणि शेवटची सीटवाल्यांची, त्यामुळे आमचं बोलणं बहुतेक वायरलेसवरच व्हायचं. मी विचारायची, "शेपूट, आलात का?" तिकडून यायचं, "येतोय, मॅडम. तुम्ही व्हा पुढे."

लोकांना वाटतं आम्ही जंगलात गाड्या उडवायला जातो. तसे उडवणारेही आहेत, त्यांचं माझ्यासमोर नाव काढू नका. जंगल खात्याने ती वाट आम्हाला दिली आहे ती राखण्याच्या बोलीवर. पावसाचं पाणी वाटेवरून धावत सुटलं तर वाटच खरवडून नेतं, म्हणून तिरके चर खणायचे, ते गाळाने भरले की उपसायचे. पडलेलं झाड कापून बाजूला करायचं. चिखल दिसला की त्याला वळसा घालायचा नाही, चिखलातूनच जायचं. वळसे घालत राहिलं की वाट दरवर्षी रुंद होते आणि कडेची रोपं मरतात. नव्या सभासदाला हे पटवताना नाकी नऊ येतात. गाडी चकचकीत असते ना त्याची!

वाटेच्या तोंडाशीच उंबरा आहे. हे नाव आम्हीच ठेवलं. तीन मोठे दगड, एकावर एक रेललेले. साध्या गाडीला ते चढता येत नाहीत आणि आम्हाला तेच हवं असतं. उंबरा आहे म्हणून आत सहली येत नाहीत, बाटल्या फुटत नाहीत. पण तिथे गाडीचं नाक वर गेलं की चालकाला चाकं दिसत नाहीत, नुसतं आभाळ दिसतं. म्हणून दगडांच्या वर, समोर, एक माणूस उभा राहून हातांनी खुणा करतो. त्याला आम्ही हातवाला म्हणतो. चालकाने दगडांकडे बघायचं नाही, फक्त त्या हातांकडे बघायचं.

सीटवाल्यांची हातवाली त्यांची बायको होती. ठेंगणी, डोक्यावर नवऱ्याची मोठी टोपी, आवाज मात्र खणखणीत. तिला स्वतःला गाडी चालवता यायची नाही. "अहो, डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे नव्हे, तुमच्या!" असं ती वरून ओरडायची आणि खालून सीटवाले म्हणायचे, "मग हात कुठला दाखवतेस?" सगळा क्लब हसायचा. एका हिवाळ्यात ती आजारी पडली आणि त्याच हिवाळ्यात गेली.

मला वाटलं, हे आता यायचे नाहीत. पण पुढच्या कामाच्या दिवशी जीप घेऊन हजर. फक्त हातवाला घेईनात. उंबऱ्यापाशी थांबायचं, उतरायचं, दगड चढून वर जाऊन उभं राहायचं, खाली बघायचं, परत येऊन गाडी हातभर पुढे घ्यायची, पुन्हा उतरायचं. ते वर पोहोचेपर्यंत आमचा निम्मा चर खणून व्हायचा. म्हणून त्यांना शेवटी ठेवलं आणि शेपूट हे नाव चिकटलं.

एकदा चर उपसताना ते हसत हसत मला म्हणाले होते, "शनिवारी शटर खाली ओढलं ना मॅडम, की मुलीचा फोन सोडला तर सोमवारपर्यंत तोंड उघडायचं कामच पडत नाही. इथं आलो की आवाज आहे ते कळतं." मुलगी लांब राहते. तिच्या प्रत्येक फोनचा शेवट "बाबा, ती जीप विकून टाका" असा असतो, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

मग नियम आला. दुसऱ्या कुठल्याशा जंगलात एकटाच गेलेला चालक गाडीसकट उलटला आणि कुणाला कळलंच नाही. आमच्या वनअधिकारी बाई स्वतः दुकानात आल्या, एका सिटेवर जपून बसल्या आणि म्हणाल्या, "यापुढे समोर हातवाला उभा असल्याशिवाय एकही गाडी उंबरा चढणार नाही. कुणी चढलं, तर वाट बंद. मला अपवाद करता येणार नाही." बोलताना त्या कुणाकडे बघत नव्हत्या, पण सगळे सीटवाल्यांकडे बघत होते.

बाई गेल्यावर आमच्या दातांच्या डॉक्टरांना कळवळा आला. माणूस दिलदार, गाडी सगळ्यांत मोठी, विचार करायच्या आधी बोलायची सवय. "एवढं काय त्यात? ड्रिल आणू, मधला दगड फोडू, उतार करून टाकू. मग हातवाला हवाच कशाला? सीटवाले आपले आरामात येतील वर." तीनचार जणांनी माना डोलावल्या.

सीटवाल्यांनी मशीन थांबवलं. "दगडाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "उतार केला की उद्या कुणीही आत शिरेल. वर्षभरात वाटेची वाट लागेल. माझ्यासाठी असलं काही करू नका."

"मग तुमचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यांनी मशीन सुरू केलं. मला आमच्या सगळ्यांचाच राग आला, कारण सगळे आपापल्या गाडीच्या किल्ल्या उचलून उठले.

पुढच्या कामाच्या दिवशी मीच म्हटलं, आज तुमची हातवाली मी होते. ते बरं म्हणाले. नाही म्हणायचा त्यांचा स्वभावच नाही. मी दगडांच्या वर जाऊन उभी राहिले आणि हात वर केले. जीप पुढे आली आणि बंद पडली. ज्यांची गाडी मी कधी बंद पडलेली पाहिली नव्हती, त्यांची. पुन्हा सुरू केली तर चाक घसरलं आणि तळ दगडाला खरवडला.

"अहो, माझ्याकडे बघा! हात बघा माझे!" मी ओरडले. माझ्या स्कूलमधली पोरं एवढ्याने रडतात.

त्यांनी हँडब्रेक ओढला, उतरले, दगड चढून माझ्याजवळ आले. "मॅडम, जरा बाजूला होता का?" मी झाले. ते माझ्या जागी उभे राहिले आणि खाली रिकाम्या जीपकडे बघत राहिले.

"तुम्हाला वाटत असेल, मी दगड बघायला उतरतो," ते म्हणाले. "दगड मला पाठ आहेत. डोळे मिटून चढवीन. पण ती इथं उभी राहायची. इथून तिला मी कसा दिसायचो, ते बघतो. घरात तिची अशी एक जागा नाही. आजारपणात सगळं हलवलं, खाट हलवली, कपाट हलवलं. एवढीच जागा हललेली नाही. आणि आता इथं दर वेळी दुसरं कुणी उभं राहणार."

मला फार वाईट वाटलं. नाही त्या वेळी नाही ते बोलायची मला सवय आहे, ती त्या दिवशीही सुटली नाही. म्हटलं, "मी इथं उभी होते असं बाईंना सांगू. तुम्ही तुमच्या पद्धतीने चढवा. कोण बघतंय?"

"नको," ते म्हणाले. "खोटं बोललो आणि वाट गेली, तर जागाही गेली." त्यांनी जीप उलटी खाली नेली आणि घरी गेले.

दोन कामाचे दिवस ते आले नाहीत. मग कळलं, जीप विकली. द्यायच्या आधी दोन्ही सिटा नव्याने शिवून दिल्या म्हणे. मला वाटलं, मुलीचं ऐकलं, संपलं. क्लबात नवीन शेपूट नेमलं आणि वायरलेसवर त्याचा आवाज ऐकून मला उगाचच चीड येत राहिली.

त्यानंतरच्या कामाच्या दिवशी निघायच्या वेळी माझ्या गाडीचं दार उघडून सीटवाले आत बसले. "उंबऱ्यापर्यंत सोडा," म्हणाले. उंबऱ्यापाशी उतरले, दगड चढले, वर जाऊन उभे राहिले आणि मला हाताने बोलावलं. तेव्हापासून क्लबाची प्रत्येक गाडी त्यांच्या हातांवर चढते.

खुणा मात्र क्लबाच्या नाहीत. आमच्यात थांब म्हणजे वर केलेली मूठ. सीटवाले दोन्ही हात डोक्यावर ठेवतात, बाजारात पाकीट विसरून आलेल्या माणसासारखे. डॉक्टरांनी विचारलंच. ते ओशाळून म्हणाले, "ती असंच करायची. मूठ दाखवली की भांडतेय असं वाटायचं मला." आता सगळ्यांनी त्याच खुणा शिकून घेतल्यात, मीसुद्धा.

गाड्या वर निघून जातात, कामाला. जेवणही वरच असतं. सीटवाले येत नाहीत. डबा घेऊन तिथेच थांबतात, खाली उतरताना पुन्हा हातवाला लागतो म्हणून. पहिल्यांदा मी आग्रह केला, मग सोडून दिला. दिवसभर त्या वाटेवर चिटपाखरू फिरकत नाही.

परवा संध्याकाळी उतरताना डॉक्टरांनी काच खाली करून विचारलं, "सीटवाले, दिवसभर इथं एकट्याला कंटाळा नाही येत?"

"येतो की," ते म्हणाले. "पण घरी जास्त येतो." आणि त्यांनी मागच्या गाडीला पुढे यायची खूण केली.