पाच-पन्नास

१९ जानेवारी १९७८, गुरुवार, कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. पैज एक्कावन्न रुपयांची. हजर तिघेच: मी, आमच्या शॉपमधला थेरगावचा टर्नर आणि मनगटी घड्याळ घेऊन फाटकाशी उभे राहिलेले फोरमन.

भोसरीच्या त्या कारखान्यात कोणत्या नगाला किती वेळ लागावा हे ठरवण्याची माझी नोकरी होती. हातात घड्याळ घेऊन मी लेथच्या मागे उभा राहिलो की माणसं थुंकायला बाहेर जात. टर्नरच्या कामाचा वेळ मी कार्डावर ५.५० लिहिला होता. माझ्या मोजणीत त्याचा नग ५.७५ ला उतरे, म्हणून इन्सेंटिव्ह नाही. शिवाय त्याच्या कार्डावर मी शेरा मारला होता: ‘हेतुपुरस्सर संथ’. त्या शेऱ्याने त्याची बढती अडली.

‘‘माझा नग येळेत उतरतोय,’’ तो म्हणे.

कोणत्या वेळेत, हे मी कधी विचारलं नाही. तो खोटं बोलतो असंच धरून चाललो.

एकदा सगळ्या शॉपसमोर तो म्हणाला, ‘‘उभं राहून घड्याळ बघायला काय जातंय? पळून दाखवा की सायेब. किलोमीटरला पाच-पन्नास, धा किलोमीटर. हरलात तर एक्कावन्न रुपये आन् त्यो शेरा खोडायचा. जिंकलात तर एक्कावन्न माझे, आन् मी तोंड उघडणार न्हाई.’’

मी ‘पाच-पन्नास’ म्हणून हात मिळवला. वय एक्केचाळीस होतं, पण आकडा माझाच होता.

दिघीच्या रस्त्यावर मी सायकलच्या चाकाने अंतर मोजलं. एक फेरा दोन मीटर वीस, किलोमीटरला चारशे पंचावन्न फेरे. दर किलोमीटरला चुन्याची खूण केली. अकरा आठवडे पहाटे पळलो. सरावाला कामाचंच घड्याळ होतं. त्याच्या तबकडीवर मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग असतात. हिशेबाला बरं पडतं. डिसेंबरअखेर सहा किलोमीटर सलग ५.५० ने जमू लागले. सुरुवातीला हात राखायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या गुरुवारी मी तो राखला नाही. टर्नर सायकलवर शेजारून येत होता. ‘‘दमानं सायेब, ओव्हरटाइम मिळणार न्हाई!’’ ‘‘शेरा लिवताना हात बरा पळतो!’’ पहिला किलोमीटर मी ४.९० ला काढला. निव्वळ रागाने. पाचव्या खुणेशी सत्तर शतांश पुढे होतो. सातव्यानंतर पाय शिशाचे झाले आणि ती पुंजी संपली. शेवटचा किलोमीटर सहाच्या वर गेला.

‘‘छप्पन्न मिनिटं वीस सेकंद,’’ फोरमन म्हणाले. माझ्या घड्याळात ५६.३३. दोन्ही एकच. मी हरलो होतो.

आता तो हसणार म्हणून मी दात आवळून उभा राहिलो. पण टर्नरने तोंड कडू करून खिशातून नोटा काढल्या. ‘‘घ्या. दोन मिन्टं राखून आलात.’’

‘‘कसली दोन मिनिटं?’’

‘‘पाच मिन्टं पन्नास सेकंद, गुणिले धा. अठ्ठावन्न-वीस. आमाला बी हिशेब येतो.’’

तेव्हा मला कळलं. त्याचा नग ५.७५ ला, म्हणजे पाच मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत उतरत होता. कार्डावरचे पन्नास शतांश, म्हणजे अर्धं मिनिट, तो पन्नास सेकंद समजत होता, आणि त्याच्या दृष्टीने तो रोज पाच सेकंद राखून काम करत होता.

नोटा घेऊन गप्प बसता आलं असतं. मग ५.५० चा अर्थ त्याचाच खरा ठरला असता आणि माझं प्रत्येक कार्ड खोटं. मी म्हणालो, ‘‘पैज पंचावन्न मिनिटांची होती. मी हरलो.’’ आणि शतांश समजावून सांगितले.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘मंग साडेपाच मिन्टं लिवायला शाई महाग व्हती का?’’

फोरमननी मान वळवली.

शुक्रवारी दोघांसमोर मी शेरा खोडून सही केली. इन्सेंटिव्ह त्याला मिळाला नाही. साडेपाच मिनिटांना तो अजून पंधरा सेकंद कमीच पडत होता, आणि तेही मी त्याला सांगितलं. त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

दिले: एक्कावन्न रुपये रोख, टर्नरला. त्याने ते माझ्यासमोर दोनदा मोजले.