शीतलसाठी आलेला फोन

ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. आज निघालीये तोंडातून, तर निघू दे.

मी मूळची वाशीमची. शीतलही तिकडचीच. पुण्यात कर्वेनगरला एका खोलीत आम्ही दोघी राहायचो, दोघी बीएस्सी, दोघी बेकार. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न— अनुभव आहे का? अहो, कुणी कामच देईना तर अनुभव कुठून आणायचा?

मग शीतलला एका संस्थेची सूचना दिसली. अनुभवासाठी तीन महिने काम, पगार नाही, कुठे पाठवतील ते नंतर कळवणार. मी हसले. म्हटलं, फुकट राबायला कोण जाणार? तिने मात्र फॉर्म भरला. तिचा मोबाइल बिघडला होता, म्हणून नंबर माझा दिला.

आणि फोन आला तेव्हा आम्ही मंडईत होतो. माझ्या हातात मेथीची जुडी. शीतल चार गाळे पलीकडे, मिरचीवालीशी घासाघीस करत होती— मला तिची वेणी दिसत होती. हे मुद्दाम सांगतेय. ती दिसत होती.

"शीतल का? एक जागा आहे, कृत्रिम पाय बनवण्याच्या कार्यशाळेत," संस्थेतल्या बाई म्हणाल्या.

तोवर मला ते काम नकोच होतं ना? मग एकदम का हवंसं झालं? कृत्रिम पाय— हे ऐकूनच आत काहीतरी हललं. हाक मारायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणाले, "तिचं लग्न ठरलंय, ती गावी गेली. मी तिची मैत्रीण. माझंही शिक्षण तेच आहे. मी आले तर चालेल का?"

चाललं. इतकं सहज चाललं की मीच चकित झाले.

शीतलला सांगितलं, एका जाहिरातीला अर्ज केला होता, तिकडून बोलावलंय. तिने भर मंडईत मला मिठी मारली. "झालं न तुह्यं! आता माह्यंबी होईनच!" सोमवारी, कामाच्या पहिल्या दिवशी, माझ्या कुर्त्याला इस्त्रीही तिनेच केली.

त्यानंतर मला झोप लागली नसेल, मन खात असेल, असं वाटतंय तुम्हाला? नाही हो. मी इतकी आनंदात कधीच नव्हते. कार्यशाळेतले पाटणकर सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे पाय बनवतात, ओढत नाहीत. दहा म्हणजे दहा." मी पावणेदहाला हजर असायचे. ओलं प्लास्टर, साचा घासताना उडणारी पांढरी भुकटी, संध्याकाळी केसांत, भुवयांत, सगळीकडे तीच. सुमनताई नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या पायाचा साचा मी घासला होता. आधाराच्या दोन दांड्यांमधून चालता चालता त्यांनी हात सोडले— एक पाऊल, दुसरं, तिसरं— आणि भिंतीपाशी जाऊन म्हणाल्या, "आता कुठं जाऊ?" सगळे हसलो. मी रडलेही.

तीन महिन्यांनी कार्यशाळेत मला कायम केलं.

आणि शीतल? मी घरी आले की ती विचारायची, आला का माझा फोन? मी म्हणायचे, नाही गं. किती वेळा म्हणाले असेन? शेवटी वडिलांनी तिला परत बोलावलं. आता ती वाशीमला शिकवण्या घेते. मुलं जीव टाकतात तिच्यावर. पण म्हणून काय?

मागच्या महिन्यात ती पुण्याला आली. म्हणाली, तुह्यं काम दाखव. मी नेलं. एक आजोबा पहिल्यांदाच नव्या पायावर उभे राहत होते. शीतल श्वास रोखून बघत होती. ते चालले तशी तिने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या, आणि मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "असं काम मले भेटलं असतं, तर मी बी सोडलं नसतं."

तेव्हा सांगता आलं असतं. आजोबा पुढे चालत गेले होते, जवळ ऐकणारं कुणी नव्हतं, तिला घाईही नव्हती.

मी सांगितलं नाही. तिच्या शेजारी उभी राहून हसले— आणि तेही, खरं सांगते, अगदी आनंदाने.