मागे घेतलेला शोधनिबंध

डॉ. कमरजहां शेख यांच्या प्रयोगशाळेत मी, श्रीनिवास, एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होतो. दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : ‘इथे यीस्ट आहे. पाव नाही. चौकशी करू नये.’

पाटीला कारण होतं. त्यांचे वडील मकसूदभाई पुण्याच्या कॅम्पात बेकरी चालवायचे. हे कळलं की नवा माणूस हटकून पावावरून चेष्टा करायचा. मुलगी रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. झाली तेव्हा मकसूदभाईंनी तिला एवढंच विचारलं होतं, “आपलं खमीर भर एप्रिलात भट्टीशेजारी जिवंत राहतं. बाजारचं यीस्ट मरतं. का, ते आहे का तुझ्या पुस्तकात?”

नव्हतं. मॅडमनी खमिराचा, म्हणजे पाव फुगवायच्या आंबवलेल्या पिठाचा, एक गोळा डब्यात घालून प्रयोगशाळेत आणला आणि पुढची आठ वर्षं त्या प्रश्नाला दिली. उत्तर मिळालं. त्या यीस्टमधलं एक जनुक काढलं की ते बेचाळीस अंशांना मरायचं. म्हणजे उष्णता सोसायची ताकद त्या जनुकात. शोधनिबंध मोठ्या नियतकालिकात छापून आला. देशोदेशीचे संशोधक त्याचा दाखला देऊ लागले.

मग शेफाली आली. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या शेतकरी घरातली, अबोल, कामाला वाघ. मॅडमनी तिला तोच प्रयोग पुन्हा करून पुढे न्यायला सांगितलं. तीन महिने ती रोज संध्याकाळी उतरल्या चेहऱ्यानं घरी जायची. एकदा मी विचारलं, “काय बिघडलंय गं?”

“सर, माझंच काहीतरी चुकतंय. जनुक काढलेलं यीस्ट मरतं, ते बरोबर. पण जनुक न काढलेलं पण मरतंय! मॅडमना कसं सांगू? नाव हाय त्यांचं.”

घाबरली की तिची गावची बोली बाहेर यायची. मीच तिला मॅडमसमोर नेऊन उभं केलं.

मॅडमनी तिच्या वह्या पहिल्या पानापासून वाचल्या. दीड तास. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे.

“तू यीस्ट कुठून घेतलंस?”

“जुन्या कुपीतूनच, मॅडम. फक्त एक पेशी वेगळी काढून वाढवली. शुद्ध असावं म्हणून.”

“आम्ही तसं केलं नव्हतं,” मॅडम हळूच म्हणाल्या. आणि उठून सूक्ष्मदर्शकाकडे गेल्या.

जुन्या कुपीत यीस्टच्या जोडीला बारीक जिवाणू होते. खमिरातले, दह्यात असतात त्या जातीचे. ते सोबत असले की यीस्ट तगायचं, एकटं पडलं की मरायचं. पूर्वी जनुक काढताना जे औषध वापरलं होतं, त्यात जिवाणू मेले होते. यीस्ट मेलं सोबत गेल्यामुळे, आणि आळ आला जनुकावर.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी नियतकालिकाला पत्र लिहिलं : आमचा निष्कर्ष चुकीचा आहे, निबंध मागे घेतो. संस्थेतले एक ज्येष्ठ खोलीत येऊन म्हणाले, “अहो, निवृत्तीला सहा वर्षं उरली. कुणी विचारलंय का?”

“हिनं विचारलंय ना,” मॅडम शेफालीकडे बोट दाखवून म्हणाल्या. “आपण चहा घेणार?”

यीस्ट आणि जिवाणूंच्या सोबतीवरचा नवा निबंध दोन वर्षांनी आला. त्यात पहिलं नाव शेफालीचं. ब्राझीलहून एका संशोधकाचं पत्र आलं : आमचा हाच प्रयोग चार वर्षं फसत होता, आम्ही स्वतःलाच दोष देत होतो, आभार. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं आणि आम्हा सगळ्यांना मस्तानी पाजली. मकसूदभाईंना उत्तर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “एकट्यानं बेकरी पण चालत नाही.” आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

आज शेफालीची स्वतःची प्रयोगशाळा आहे. निवृत्त झालेल्या मॅडम महाविद्यालयांतून व्याख्यानं देतात, आणि पहिल्याच चित्रात तो मागे घेतलेला निबंध दाखवतात. परवा स्वारगेटजवळच्या एका महाविद्यालयात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, लाज नाही वाटली?”

“वाटली की! दोन दिवस,” मॅडम म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी प्रयोग लावायचा होता.”

सभागृह हसलं. मॅडमही हसल्या, आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं.